राजीनाम्याचे बटण

दर हिवाळ्यात आपली सहल वाफ्राकडच्या एखाद्या शेतावर जाते आणि जेवणाची ताटे उचलली न उचलली तोच जाजमावर पत्ते येतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एका कोपऱ्यात मेंढीकोट, दुसऱ्यात तीनशेचार, आणि मुलाबाळांच्या घोळक्यात बदामसात नाहीतर झब्बू. मागच्या सहलीत मी तीनशेचारला बसलो होतो. माझ्या भिडूने पहिले चार पत्ते उचलले, नाक मुरडले आणि "छे, यात काही राम नाही, पुन्हा पिसा" म्हणत पालथे टाकून दिले. त्यावर उरलेल्या तिघांनी जो गिल्ला केला तो शेजारच्या शेतावरच्या बकऱ्यांनीही ऐकला असेल. "रडीचा डाव! रडीचा डाव!" या आरोळीत माझा आवाज सर्वांत मोठा होता.

खरे सांगायचे तर तो आवाज काढण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. आदल्याच रात्री, सालमियातल्या घरी, सौ. झोपल्यावर, मी संगणकावर स्वतःच्या हाताने निवडून बांधलेली चाळीस पत्त्यांची जुडी दोन डाव हरल्याबरोबर टाकून दिली होती. तिथे गिल्ला करायला कुणी नव्हते. एक बटण दाबले, "नक्की ना?" असे यंत्राने विचारले, मी "हो" म्हटले आणि विषय संपला. भिडूवर ओरडताना ते आठवले आणि जीभ चावली. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे की निकृष्ट जुडी हाती आली तर ती टाकावी की शेवटपर्यंत खेळावी? प्रश्न पोरकट वाटेल. पण मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस, आणि ज्या प्रश्नात पैसा, वेळ आणि अब्रू तिन्ही थोडी थोडी गुंतलेली असतात तो मला सोडवत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याची संगणकावरची आवृत्ती म्हणजे 'मॅजिक अरीना'. ती २०१९ मध्ये रीतसर सुरू झाली. मी त्यात सापडलो तो २०२० च्या मे महिन्यात. १० मे ते ३० मे अशी कुवेतमध्ये पूर्ण संचारबंदी होती, ती कुणी विसरले नसेल. बाहेर ऊन आणि पोलीस, आत आम्ही तिघे. बावन्न पत्त्यांचे सगळे खेळ खेळून झाले, मग मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला ड्राफ्ट शिकवतो."

ड्राफ्ट म्हणजे असे. आठ खेळाडू गोल बसले आहेत अशी कल्पना करा. प्रत्यक्षात कुणी कुणाला दिसत नाही. एक मनिलात असेल, एक मिलानमध्ये. प्रत्येकाने पत्त्यांचे एक पाकीट फोडायचे, त्यातला एक पत्ता ठेवून घ्यायचा आणि बाकीचे शेजाऱ्याकडे सरकवायचे. शेजारी त्यातला एक ठेवणार, पुढे सरकवणार. पाकीट संपले की दुसरे, मग तिसरे. पंगतीत मुद्दा एकच की जिलबीचे ताट तुमच्यापर्यंत येईतो त्यात काय उरते! वरच्या हाताला बसलेला लाल पत्ते उचलतो आहे हे ओळखून आपण निळ्याकडे वळायचे, ही त्यातली विद्या. शेवटी हाती चाळीसच्या आसपास पत्ते येतात. त्यातले तेवीसएक निवडायचे, 'जमीन' नावाचे सतराएक साधे पत्ते खेळ फुकट देतो ते मिसळायचे, आणि चाळीसची जुडी तयार. मग त्या जुडीने अनोळखी माणसांशी एकेक डाव. सात जिंकले तर फेरी संपली, तीन हरले तरी फेरी संपली. आणि मध्ये कधीही, खेळाच्या पडद्यावरच्या एका बटणाने, फेरी आपल्या हाताने संपवता येते. त्या बटणावर जो इंग्रजी शब्द असतो त्याचा अर्थ राजीनामा.

'हार्थस्टोन' या दुसऱ्या लोकप्रिय खेळातही अशीच स्पर्धा २०१४ पासून आहे. तिथे दर वेळी तीन पत्ते दाखवतात, एक घ्यायचा, असे तीस घ्यायचे. त्या मूळ स्पर्धेत बारा जिंकले किंवा तीन हरले की खेळ खलास. तिथल्या बटणावर 'निवृत्ती' असे असे. एकात राजीनामा, दुसऱ्यात निवृत्ती. इकामा आणि रिलीजच्या कागदांत आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना या दोन शब्दांतला फरक समजावून सांगायला नको. राजीनामा दिला की पुढचे काय ही चिंता असते. निवृत्तीत निदान निरोपाचा हार मिळतो.

आता आपल्याकडचा जुना अनुभव काय सांगतो ते पाहू. पत्ते टाकून देण्याची प्रतिष्ठित परंपरा आपल्याला ठाऊक आहे ती रमीत. तेरा पत्ते उचलले, एकही शुद्ध सीक्वेन्स जुळेलसे दिसत नाही, तर पहिल्याच पाळीला डाव टाकला की वीस गुण अंगावर बसतात. एक पत्ता ओढून मग टाकला तर चाळीस. आणि टिच्चून बसून हरलो तर ऐंशीपर्यंत. हा नियम फार शहाणा आहे. मोह आणि भीती यांची किंमतच त्याने लावून ठेवली आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. पत्ते लक्षात ठेवणे, काय धरावे आणि काय टाकावे याचे तारतम्य हे ते कौशल्य, आणि माझ्या मते डाव कधी टाकावा हे त्यातले अर्धे तरी कौशल्य आहे. पुढे पैशांवरच्या रमीची ॲपे निघाली, त्यांच्या जाहिरातींनी भारतात उच्छाद मांडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने पैशांवरचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. कुवेतमध्ये जुगार मुळातच गुन्हा असल्यामुळे आपला त्याच्याशी संबंध आला तो सुट्टीत गावी गेल्यावरच. असो.

पण रमीची ही शहाणी सवय ड्राफ्टमध्ये दगा देते, आणि माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो. रमीत बसून राहण्याची किंमत वाढत जाते. ड्राफ्टमध्ये वाढत नाही. प्रवेशशुल्क सुरुवातीलाच गेलेले असते. मी खेळलो त्या कोष्टकाप्रमाणे माणसांबरोबरच्या ड्राफ्टला १५०० रत्ने पडत. 'रत्ने' हे त्या खेळातले चलन. खरे पैसे देऊन घेतली तर १५०० रत्ने अडीच-तीन दिनारांना पडतात. राजीनामा दिला तर त्यातले काहीही परत मिळत नाही. तोवर जेवढे डाव जिंकलात तेवढ्याचे बक्षीस मिळते, बस. म्हणजे पत्ते टाकून वाचते काय, तर काहीच नाही. वीस वाचत नाहीत, चाळीस वाचत नाहीत. आपल्या बोटांना मात्र रमीची सवय. वाईट पत्ते दिसले की टाकून मोकळे व्हावे, नुकसान थांबवावे, असे वाटते. जे नुकसान होऊन गेले आहे ते थांबवायचे कसे?

बक्षिसांचे कोष्टकही पाहण्यासारखे आहे. एकही डाव न जिंकता बाहेर पडलात तर ५० रत्ने, एक जिंकलात तर १००, दोनला २५०, आणि तीनला एकदम १०००. पुढे चारला १४००, पाचला १६००, असे करत सातला २२००. शिवाय पत्त्यांची पाकिटे, ती सोडून देऊ. म्हणजे शुल्क भरून निघायला पाच डाव जिंकावे लागतात. पण खरी उडी आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या विजयामध्ये. आता समजा आपली जुडी खरोखरच पडेल आहे, दहातले चारच डाव जिंकेल अशी. तरीसुद्धा तीन डाव हरण्याआधी ती तीन डाव जिंकण्याची शक्यता शंभरात ३२ आहे. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, शाळेतले गणित आहे. जवळजवळ तीनात एक! ज्या जुडीला आपण बांधताक्षणीच शिव्या घालतो ती तीनात एकदा हजार रत्ने आणून देते. पहिला डाव हरलात तर ही शक्यता १८ वर येते. पहिले दोन हरलात, म्हणजे आता सलग तीन जिंकायला हवेत, तर सहा-साडेसहा.

इथे पट्टीचे खेळाडू म्हणतील की दोन हरल्यावर मग टाकावीच. त्यांचे म्हणणे मी हिशेबनिसाच्या वहीत मांडून पाहिले. शून्य-दोन अशा स्थितीत, त्याच पडेल जुडीने, पुढे खेळत राहण्याचे सरासरी मोल निघते सुमारे शंभर रत्ने. दिनारांत सांगायचे तर पावणेदोनशे फिल्सच्या आसपास. सरासरी दीड-दोन डाव खेळावे लागणार, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे. एवढ्या कमाईत हवल्लीत चहा येईल, सोबत सामोसा येईलच असे नाही. तेव्हा पैशाच्या बाजूने उत्तर असे की खेळत राहण्यात तोटा कधीच नाही, पण फायदाही सांगण्यासारखा नाही. वेळाची किंमत ज्याची त्याने ठरवावी. एक अपवाद मी मान्य करतो. ज्यांना खेळातल्या श्रेणीची आस आहे त्यांची श्रेणी प्रत्येक पराभवाने घसरते. त्यांच्यापुरता तो रमीसारखाच चढता दंड आहे आणि त्यांनी टाकली जुडी तर मी बोलणार नाही. मात्र ती श्रेणी दर महिन्याला नव्याने मांडतात, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

पण टाकणारे बहुतेक जण, आणि त्यांत मी पहिला, ना श्रेणीसाठी टाकतात ना वेळेसाठी. ते टाकतात रागाने. आणि राग आलेला असतो तो जुडीचा, असे त्यांना वाटते.

हाच मला सगळ्या प्रकरणातला कच्चा दुवा दिसतो. जुडी निकृष्ट आहे हे आपल्याला कळले कशावरून? दोन डाव हरलो यावरून. आता चांगल्यातली चांगली म्हणावी अशी, शंभरातले ५५ डाव जिंकणारी जुडी घ्या. तीसुद्धा पहिले दोन डाव हरण्याची शक्यता शंभरात वीस असते. पाचातली एक उत्तम जुडी शून्य-दोननेच सुरू होते! सतरा जमिनींपैकी एकही पहिल्या हातात न आल्यामुळे हरलेला डाव जुडीबद्दल काहीच सांगत नाही, पिसण्याबद्दल सांगतो. घरी पाहुणे यायचे आणि पहिल्या दोन पोळ्या करपल्या म्हणून पिठाचा डबाच केराच्या टोपलीत टाकावा, तशातला हा न्याय. शिवाय जोडी लावताना खेळ तुमची श्रेणी आणि त्या फेरीतले जय-पराजय पाहतो. दोन हरलेल्यासमोर बहुधा दोन हरलेलाच येतो. तोही तिकडे जुडीला शिव्याच घालत बसलेला असणार. दोघांपैकी एकाने पहिल्याच मिनिटाला वैतागून पत्ते खाली ठेवले तर दुसऱ्याला फुकटचा डाव मिळतो. मला असे मिळाले आहेत. घेताना लाज वाटली नाही.

आमचे अप्पा चिपळूणला तीनशेचार खेळत. खेळण्यापेक्षा शिकवत जास्त. घरोघरी नियम वेगळे असतात, आमच्या घरचा असा होता की पहिल्या चार पत्त्यांत एकही गुणाचा पत्ता नसेल, नुसत्या सत्त्या-अठ्ठ्या असतील, तरच फेरवाटप मागता येई. एक दुर्री-तिर्रीच्या लायकीची राणी जरी असली तरी खेळायचे. राणीचे दोन गुण. तीनशेचारांत दोन गुण म्हणजे काय हो! पण अप्पा म्हणत की तुझ्या हातात काही नसेल, भिडूच्या हातात असेल. तू टाकलेस तर त्याचा गुलाम-नव्वी वाया गेला. तीस गुणांचा गुलाम आणि वीस गुणांची नव्वी घेऊन समोर बसलेल्या माणसाचे तोंड आठवा, म्हणजे पालथे पत्ते टाकणाऱ्यावर सगळे का चिडतात ते कळेल. वाफ्राच्या शेतावर आम्ही चिडलो ते त्यासाठीच.

इथल्या दिवाणियांत 'कोत बो सित्ता' खेळतात, तो तर सहा जणांचा, तिघे विरुद्ध तिघे. माझ्या जुन्या कुवेती साहेबांच्या दिवाणियात मी तो अनेकदा पाहिला आहे. भाषा अर्धी कळत असे, पण वाईट पत्ते आलेल्या माणसाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो, आणि त्याने तो लपवायचा असतो हेही सारखेच. भिडू आहेत ना समोर. ब्रिजवाल्यांनी तर यावर कडीच केली. त्यांच्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये तेच पत्ते प्रत्येक टेबलावर फिरवतात. तुम्हाला वाईट पत्ते आले तर त्या जागेवर बसणाऱ्या प्रत्येक जोडीला तेच आले. तुलना त्यांच्याशी. वाईट पत्त्यांवर इतरांपेक्षा एक हात कमी गमावलात तर तुम्ही जिंकलात. वाईट पत्ते चांगले खेळण्याला उघड गुण देणारा मला माहीत असलेला हा एकच पत्त्यांचा खेळ आहे आणि म्हणूनच तिथे टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

डिजिटल ड्राफ्टने नेमकी हीच गोष्ट काढून टाकली आहे, अशी माझी तक्रार आहे. टेबल नाही, भिडू नाही, पाहणारे कुणी नाही. कागदी पत्त्यांच्या ड्राफ्टमध्ये आठ जण खरोखर एका टेबलाभोवती असतात. तिथे मध्येच उठलात तर पुढच्या फेरीत कुणाला तरी प्रतिस्पर्धीच उरत नाही आणि निघताना सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. संगणकावर दोन डावांच्या मध्ये राजीनामा दिला तर जगात कुणालाही पत्ता लागत नाही. हे स्वातंत्र्य आहे, मान्य. पण ज्या गोष्टीची कुणालाच बाधा होत नाही ती करताना माणूस विचारही करत नाही. आणि बटण कुठे ठेवले आहे पाहा. हरून परत आलात की ज्या पडद्यावर उतरता तिथेच. बाजारात रडत्या पोरासमोर फुगेवाला उभा राहतो, त्यातलाच प्रकार. टाकलीत की पुढची जुडी, म्हणजे पुढचे १५०० रत्ने, एका दाबावर तयार. मी काही कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही, धंदा आहे, चालायचेच. मात्र समीक्षा करायला बसल्यावर एवढे म्हणायला हवे की खेळ म्हणून ड्राफ्ट फार वरच्या दर्जाचा आहे. निवडीची इतकी सूक्ष्म परीक्षा मी दुसऱ्या कुठल्याच पत्त्यांच्या खेळात पाहिली नाही. पण निवडीच्या चुकीची शिक्षा भोगायची वेळ आली की तोच खेळ मागच्या दाराने पळायची वाट दाखवतो.

आणि ती चूक आपली असते, हा मोठा फरक. तीनशेचारमध्ये पत्ते वाटणाऱ्याच्या नावाने बोटे मोडता येतात. इथे चाळीसेक वेळा निवड आपण केली. वरच्या हाताकडून हिरवे पत्ते धो धो येत असताना आपण पहिल्या पाकिटातल्या त्या एका झळाळत्या लाल पत्त्याच्या नादाने लालालाच चिकटून राहिलो. जुडी टाकायची म्हणजे साक्षीदाराला गावाबाहेर पाठवण्यासारखे आहे.

हे मला कळले ते मुलामुळे. तो आता कॅनडात शिकतो. दर शनिवारी त्याची सकाळ आणि आमची संध्याकाळ जुळते तेव्हा आम्ही फोनवर बोलता बोलता खेळतो. मी पडदा दाखवतो, तो सुचवतो. अभ्यास, जेवणखाण, थंडी हे विषय पाच मिनिटांत संपतात, हे ज्यांची मुले लांब आहेत त्यांना सांगायला नको. पण हा पत्ता ठेवावा की तो, यावर तासभर जातो आणि त्या तासाभरात मध्येमध्ये बाकीचेही कळते. एकदा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मला फक्त जिंकत असलेल्या जुड्या दाखवता." खरे होते. आठवडाभरात बिघडलेल्या सगळ्या मी शनिवारच्या आत राजीनामा देऊन पुसून टाकत होतो. "मग तुम्ही चुकता कुठे ते मी सांगणार कसे?" असेही तो म्हणाला. सतरा वर्षांचा असताना परीक्षेचे पेपर तो माझ्यापासून लपवत असे, त्याची त्याला आठवण करून द्यायचे मी टाळले.

आमच्या पिढीच्या कुवेतकराला 'सोडून जाणे' हा शब्दप्रयोग हलका वाटत नाही, हेही इथे नोंदवतो. २ ऑगस्ट १९९० नंतर मी सप्टेंबरात बसरा, बगदाद करत अम्मानला पोचलो तो एका पिशवीनिशी. तेथून एअर इंडियाची विमाने ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत माणसे मुंबईला नेत होती, सगळी मिळून लाख-दीड लाखांच्या वर. फहाहीलच्या खोलीत राहिलेला टीव्ही, तीन महिन्यांचा अडकलेला पगार, याचा हिशेब अम्मानच्या रांगेत कुणी करत नव्हते. गेले ते गेले, पुढे विमान कधी, एवढेच. बुडीत खात्याकडे मागे वळून पाहू नये हा अर्थशास्त्राचा धडा मी असा शिकलो. म्हणून शुल्क भरले आहे तर वसूल करायलाच हवे, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. शुल्क गेले. प्रश्न पुढच्या डावाचा आहे. पण त्याच न्यायाने, मागच्या दोन पराभवांचा रागही गेलेल्याच खात्यातला. तोही मागेच सोडायला हवा. लोक शुल्क विसरायला तयार होतात, राग विसरायला होत नाहीत.

यावर मी जी पद्धत धरली आहे ती साधी आहे आणि खेळातच तिची सोय आहे, फक्त ती कुणी ठळकपणे दाखवत नाही. एक म्हणजे दोन डावांच्या मध्ये जुडी उसवता येते. हाती चाळीसएक पत्ते आहेत, त्यांतले तेवीसच खेळतात. उरलेल्यांतले चार आत, चार बाहेर, एखादी जमीन कमी-जास्त. आई जुन्या साडीची गोधडी शिवायची तसे. माझ्या कित्येक 'पडेल' जुड्यांत दोष निवडीचा कमी आणि बांधणीचा जास्त निघाला. हार्थस्टोनच्या मूळ स्पर्धेत ही मुभा नव्हती, तीस म्हणजे तीस. २०२५ मध्ये त्यांनी स्पर्धेची नवी मांडणी केली तेव्हा तिच्या एका प्रकारात हरल्यानंतर काही पत्ते नव्याने निवडण्याची सोय आणली. उशिरा का होईना, टाकण्याऐवजी दुरुस्त करण्याची वाट दिली, हे मला फार आवडले.

दुसरी गोष्ट याहून सोपी. फेरी एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. ती स्पर्धा चालू असेपर्यंत जुडी तशीच राहते. आज दोन डाव, परवा एक. म्हणजे रात्री साडेबारा वाजता, दोन हरल्यावर, डोळ्यांत झोप आणि डोक्यात वाफ असताना 'खेळू की टाकू' हा प्रश्न विचारायचाच कशाला? संगणक बंद करायचा. राजीनामा देण्याऐवजी सुट्टीवर जायचे. आपल्या कचेरीतही शहाणे वरिष्ठ हेच सांगत, रात्री लिहिलेला राजीनामा सकाळी परत वाच म्हणून. मी एकदा सांगितलेले ऐकले नव्हते आणि त्याचे परिणाम दोन वर्षे भोगले, पण तो वेगळा लेख होईल.

यावर मुलाचे मत माझ्यापेक्षा कडक आहे. त्याच्या मते राजीनाम्याचे बटण असूच नये. मला तेवढे वाटत नाही. तान्हे मूल उठले, दाराची घंटी वाजली, स्पर्धेचे दिवसच संपत आले, अशा वेळी दार उघडे असलेले बरे. कोंडून घालून खेळवलेल्या खेळात मजा नाही. खेळ म्हणून बसलो आहोत, शिक्षा म्हणून नाही.

गेल्या मंगळवारी निळ्या-पांढऱ्या पत्त्यांची एक जुडी बांधली. सुरुवात बरी झाली होती, दुसऱ्या पाकिटात मोह झाला आणि तिसऱ्यात हवे ते आलेच नाही. एक डाव जिंकलो, दोन हरलो. सवयीने बोट बटणाकडे गेले. मग उठलो, स्वयंपाकघरातला दिवा घालवला आणि झोपलो. जुडी तशीच आहे. शनिवारी संध्याकाळी पडदा उघडून दाखवणार आहे, लाल पेन्सिल घेऊन बसायला सांगितले आहे त्याला.